न वाजवलेलं मडकं

मामाजी, तुमचं मडकं फुटलं नाही.

आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तेरावं आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, अंगणातली सतरंजी गुंडाळून ठेवली. आता मी तुमच्या चाकाजवळ बसून हे तुम्हाला सांगते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, कुंभाराच्या सुनेचं डोकं फिरलं. चाकाजवळ म्हणाले हं, चाकावर नाही. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, हा तुमचा नेम तुमच्या माघारीही पाळते आहे. एवढं तरी माझं नाव घ्या.

सव्वीस वर्षांपूर्वी मी खाप्याहून या घरात आले. मीही कुंभाराचीच लेक, कन्हानच्या काठची माती पायानं तुडवत वाढलेली. तरी नवी नवरी म्हणून पहिले चार दिवस हातांना मेंदी मिरवत बसले होते. तुम्ही काही बोलला नाहीत. पाचव्या दिवशी राखेचं टोपलं माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, ‘‘कुंभाराची सून कवा ना कवा उकिरड्यावर येतेच. आजच ये.’’ मला असा राग आला! पण हसूही आलं, आणि तुम्ही ते पाहिलंत. त्या दिवसापासून आपली भागीदारी सुरू झाली.

चाकावर तुम्ही मडक्याचा गळा आणि काठ काढायचे. खालचं अंग जाड, बसकं, बुडाशी उघडंच सोडायचे. ते जरा सुकलं की माझ्याकडे यायचं. आतून गोल दगड धरायचा, हाताला राख लावायची आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत त्याचं पोट फुगवत न्यायचं, बूड मिटवायचं. गळा तुमचा, पोट माझं. नागपूरच्या उन्हाळ्यात किती घरांनी आपल्या दोघांच्या हातचं पाणी प्यायलं असेल कोण जाणे. सासरा आणि सून समोरासमोर बसून फार बोलत नाहीत आपल्यात. आपण मात्र दिवसभर बोलायचो, थापीच्या आवाजातून. माझा एक ठोका चुकला की तुम्ही पाठमोरे असलात तरी खाकरायचे.

काय कान होता तुमचा! रस्त्याच्या कडेला माठ मांडलेले, गिऱ्हाईक एकेका माठाला टिचकी मारून पाहणारं, आणि तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून माती मळणारे. मध्येच न वळता म्हणायचे, ‘‘ते नका घेऊ बाई. त्याच्या गळ्याखाली तडा हाय.’’ बाई बिचारी माठ फिरवून फिरवून पाहायची. डोळ्याला काही दिसायचं नाही. घरी नेऊन पाणी भरलं असतं तर दुसऱ्या दिवशी ओट्यावर तळं झालं असतं.

आणि मग ती दुसरी माणसं. ती यायची, कुठल्याही मडक्याला हात न लावता उभी राहायची. तुम्ही मातीचे हात पुसायचे, आत जायचे आणि एक मडकं आणून त्यांच्या हातात द्यायचे. टिचकी नाही, घासाघीस नाही, ‘या’ म्हणणंसुद्धा नाही. पहिल्यांदा मी विचारलं होतं, ‘‘त्यायले वाजवून काहून नाही दाखवलं?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘मर्तिकाचं मडकं वाजवत नसते वं. वाजवनं म्हंजे इचारनं, तू किती दिवस टिकशीन म्हणून. त्या मडक्याले काय इचाराचं?’’ आणि नियमाची दुसरी बाजूही तेव्हाच सांगितलीत. एकदा टिचकी मारलेलं मडकं मर्तिकाला चालत नाही. वाजवलेलं मडकं जगणाऱ्याचं.

करोनाच्या त्या उन्हाळ्यात मात्र न वाजवणारेच जास्त आले. माठ तसेच पडून होते आणि आपण दिवसाकाठी फक्त तीच मडकी करत होतो. माझे खांदे भरून यायचे. तेव्हा मी चिडून म्हटलं, ‘‘मामाजी, हे तं फोडाचंच हाय. पातळ करा, कच्चं भाजा. बाकीचे तसंच करून राहिले.’’ आणि ते खरंच होतं. मर्तिकाचं मडकं सगळे कुंभार हलकंच करतात, कडेच्या आचेवर भाजतात, म्हणजे घाटावर चटकन फुटावं. तुम्ही चाक थांबवलंत. ‘‘फोडाचं हाय म्हणून काय झालं? त्याचं शेवटचं भांडं हाय ते. घाटापर्यंत तरी पानी धरलं पायजे.’’ मी म्हटलं, तुमच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही म्हणालात, ‘‘मंग घडा सुलटा कर, तुयाच हातचा हाय.’’

हा हट्ट तुमच्यात कुठून आला ते मला ठाऊक आहे. पारशिवनीकडे एका तलावाचा गाळ काढत होते आणि आपण तिघं माती आणायला गेलो होतो. तिथल्या शेतकऱ्यानं नांगराला लागलेलं एक खापर तुम्हाला दाखवलं. बाहेरून लाल, आतून काळं, आणि पापडासारखं पातळ. तो म्हणाला, ‘‘जुन्या लोकायच्या कबरीतलं हाय म्हनते. कालेजचे सर पाहून गेले.’’ तुम्ही ते नखानं वाजवलंत. एवढासा तुकडा, हजारो वर्षं मातीत पडलेला, पण असा खणखणीत बोलला की तुमचा चेहराच बदलला. परतताना ट्रकमध्ये तुम्ही एकदाच बोललात. ‘‘पाय, मेलेल्यासंगं द्याचं होतं तरी कसं जीव लावून भाजलं त्यानं.’’ तुमचा मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, तेव्हा लोकायले काम कमी असंन.’’ आपण तिघंही हसलो. पण तुम्ही ते खापर धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणलं होतं. ते अजून चाकामागच्या कोनाड्यात आहे.

आता आपलं खरं भांडण. ते अर्धवट राहिलं आणि ते मी सोडणार नाही.

तुम्ही माती कोरडी कुटायचे आणि कोरडीच चाळायचे. मोगरीनं ढेकळं फोडायची, चाळणी हलवायची, आणि अंगणभर तो बारीक धुरळा. उन्हाच्या तिरपेत तो तासभर तरंगत राहायचा. खाप्याला माझे वडील माती हौदात भिजवून गाळून घेत. मी सतरा वेळा सांगितलं, भिजवा, छातीत जाते ती धूळ. तुमचं एकच, भिजवून गाळलेल्या मातीला आवाज नसतो. तुमच्या आजोबांनी कोरडी चाळली, वडिलांनी कोरडी चाळली. मी म्हणायचे, आणि दोघेही खोकत गेले. तुम्ही म्हणायचे, ‘‘सत्तरच्या वर जाऊन खोकलं तं काय बिघडलं?’’ पुढे तुम्हालाही खोकला लागला. कोरडा, खालून येणारा, सरावल्यासारखा. मग तुमच्या मुलालाही लागला आणि तो तर पन्नाशीलासुद्धा टेकलेला नाही. आम्ही सगळे त्याला घरचा खोकला म्हणायला लागलो. जसा घरचा चहा, घरचं लोणचं.

या फाल्गुनातली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. हे अंगणात माती चाळत होते. तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून चाकावर होता. यांना ढास लागली. तुम्ही मातीवरून हात उचललात आणि उजव्या हाताचं एक बोट हवेत तसंच धरलंत, गिऱ्हाइकाच्या टिचकीकडे कान देताना धरायचे तसं. ढास थांबली. तुम्ही वळला नाहीत. चाकावरचं मडकं आपोआप लचकलं, खाली बसलं, तरी तुम्ही पाहिलं नाही. मग उठून आत गेलात आणि त्या दिवशी जेवला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, ‘‘भूक नाई वं.’’

दुसऱ्या दिवशी तुम्ही यांच्या हातातून चाळणी हिसकावून घेतलीत. ‘‘आजपासून माती मी चाळीन. तू चाकावर बस.’’ यांनी म्हटलं, ‘‘बाबा, तुमचं वय पाहा.’’ तुम्ही तोंडाला येईल ते बोललात. त्याला माती कळत नाही म्हणालात, त्यानं बापाचं नाव बुडवलं म्हणालात. शेजारचे नत्थूजी कुंभार भांडण सोडवायला आले, त्यांनाही दोन शब्द ऐकवलेत. मी आतून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, म्हातारा आता हाताबाहेर गेला. मामाजी, त्या विचाराबद्दल मला क्षमा करा. त्या दिवशी तुम्ही काय करत होता हे समजायला मला तुमचं तेरावं उलटावं लागलं.

त्यानंतर दोन दिवसांनी, माती चाळून झाल्यावर, तुम्ही स्वतः चाकावर बसून दोन मडकी उतरवलीत. माझ्यापुढे ठेवून म्हणालात, ‘‘हे दोन नीट थापजो. घाई नोको करू.’’ मला वाटलं कुणाची खास मागणी असेल. मी जीव लावून थापली. दोन्ही सारखी, जुळ्या बहिणींसारखी. तुम्ही ती आव्यात रचताना मधोमध ठेवलीत, जिथे आच सगळ्यात जास्त असते, आणि भोवती गवऱ्या स्वतः लावल्यात. तिसऱ्या दिवशी राख बाजूला सारून आपण भांडी काढली. तुमची रीत अशी की आव्यातून निघालेलं प्रत्येक भांडं गरम असतानाच वाजवायचं. त्या दिवशीही वाजवलंत. टण, टण, टण. ही दोन तेवढी न वाजवता उचललीत आणि मागच्या फळीवर नेऊन ठेवलीत.

मी म्हटलं, ‘‘मामाजी, ते दोन राहिले वाजवाचे.’’

तुम्ही म्हणालात, ‘‘राहू दे.’’

एवढंच. मला समजलं होतं हो. दोनांतलं एक कुणाचं ते तर समजलंच होतं. तेव्हाच मी तुमच्यापुढे उभं राहून विचारायला हवं होतं, मामाजी, छातीत किती दुखतं, कधीपासून दुखतं, चला माझ्यासोबत. पण मला फक्त राग आला. स्वतःचं मडकं स्वतः करून ठेवणारा माणूस घरात असला की त्याचा राग येतो. मी थापी घेऊन बसले आणि पहिल्याच ओल्या मडक्याला इतक्या जोरात मारलं की ते फाटलं. तुम्ही खाकरलात. तेच आपलं शेवटचं बोलणं म्हणायचं.

पुढच्या आठवड्यात दुपारी मी भाजी निवडत होते आणि चाकाची मोटर चालू होती. ती मोटर यांनी हौसेनं बसवली होती आणि तुम्ही तिला रोज शिव्या द्यायचे. बराच वेळ आवाज एकसारखा येत राहिला. ना हात लागल्याचा, ना दाबल्याचा. मी बाहेर आले. चाक फिरत होतं, त्यावर मातीचा गोळा वेडावाकडा फिरत होता, आणि तुम्ही मागच्या भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीवर उताणे. काठीनं फिरवायचं जुनं चाक असतं तर तुमच्याबरोबर थांबलं असतं. हे तसंच फिरत राहिलं. मी मोटर बंद केली आणि मग ओरडले, हाच क्रम झाला. त्याचीही मला लाज वाटते.

घाटावर मीही आले होते. आता बायका जातात, कुणी काही म्हणत नाही. फळीवरच्या दोनांपैकी एक मडकं यांनीच काढून आणलं होतं. मी काही सांगितलं नव्हतं, यांनी काही विचारलं नाही. पाणी भरून यांनी ते खांद्यावर घेतलं. पहिली फेरी झाली आणि मागून नत्थूजींनी भोक पाडायला दगड मारला.

मडकं वाजलं, मामाजी. फुटलं नाही, भोक पडलं नाही, नुसतं वाजलं. त्या शांततेत असा लांब, भरलेला नाद की शेजारच्या जळत्या चितेजवळची माणसंसुद्धा वळली. पाणी भरलेल्या मडक्यातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आणि नत्थूजी, त्या घाटावर, त्या घटकेला, बोलून गेले, ‘‘काय भाजलं हाय गा!’’ मग त्यांनी जीभ चावली. मला रडता रडता हसू आलं. तुम्हाला शेवटी दाद मिळाली, मामाजी, तीही एका कुंभाराकडून, तीही फुकट.

तीन-तीन घावांनी एकेक भोक पडलं. शेवटच्या फेरीनंतर यांनी पाठमोरं राहून मडकं मागे टाकलं. ते मातीवर आपटलं आणि गडगडत आलं. यांच्या टाचेला लागून थांबलं, भोकांतून पाणी गळत. मागे वळून पाहायचं नाही म्हणून हे तसेच ताठ उभे. आणि तेवढ्यात यांना ढास लागली. घाटावर फक्त तो खोकला. नत्थूजींनी लाकूड घेऊन ते मडकं फोडलं. माझ्यामागे कुणी तरी बाई हळूच म्हणाली, ‘‘मडकं नाई फुटलं म्हंजे मानूस एकटा नाई जात.’’

मी अशा गोष्टी मानत नाही. तुम्हीच मला न मानायला शिकवलंत. मर्तिकाचं मडकं कच्चं भाजायचं असतं, ते तुम्ही आव्याच्या पोटातल्या आचेवर भाजलंत, तर फुटणार कसं? ही कुंभाराची चूक, यात जिवाबिवाचा काय संबंध? मी स्वतःला हे दिवसातून दहादा सांगितलं. पण घरी आले की मागच्या फळीवर ते दुसरं दिसायचं.

मामाजी, ते दुसरं कुणासाठी केलंत?

घरात एखादं जास्तीचं असावं म्हणून? गल्लीत कुणाला लागलं तर? तसं असेल तर तसं सांगून जायचं होतं. मी तेरा दिवस या प्रश्नाभोवती फिरले. मग ती फाल्गुनातली संध्याकाळ आठवली, ते हवेत धरलेलं बोट आठवलं. पाठमोरे राहून गळ्याखालचा तडा ऐकणारा माणूस. आयुष्यात एकदाही चुकला नाही तुमचा कान. तुम्ही त्या दिवशी तुमच्या मुलाला ऐकलंत. म्हणूनच चाळणी हिसकावून घेतलीत. सव्वीस वर्षं माझ्याशी भांडलात, एकदाही ‘तुझं खरं’ म्हणाला नाहीत, पण उरलेली सगळी धूळ मुलाऐवजी स्वतःच्या छातीत घ्यायला निघालात. अहो, त्यापेक्षा माती भिजवायची होती! दोन घागरी पाण्याचं काम होतं. तुमच्या मायेपुढे मी हात जोडते आणि तुमच्या हट्टापुढे कपाळावर मारून घेते.

चौदाव्या दिवशी हे उठले आणि चाळणी घेऊन बसले. ऐन उन्हाळा, माठांची मागणी पडून आहे. मी म्हटलं डॉक्टरकडे चला. हे म्हणाले, ‘‘एक आवा लागू दे, मंग पाहू.’’ तुमचाच शब्द, तुमचाच सूर. काल दुपारी हे बाजारात गेले तेव्हा मी त्या चाळलेल्या-न चाळलेल्या सगळ्या ढिगावर चार घागरी पाणी ओतलं. परत आल्यावर असे भडकले! ‘‘बाबाची माती नासवली वं तू!’’ मी म्हटलं, हो, नासवली.

आज सकाळी मी मागच्या फळीवरून ते मडकं उतरवलं. अंगणात आणून मांडीवर घेतलं. गळा तुमचा, पोट माझं. उजव्या हाताचं बोट मुडपलं आणि चांगली जोरात टिचकी मारली.

तोच नाद. घाटावरचाच, फक्त पाण्याशिवाय, मोकळा.

आतून हे म्हणाले, ‘‘कोन आलं वं? गिऱ्हाईक हाय का?’’

‘‘कोनी नाई. मीच होवो.’’

हे दारात आले. मांडीवर कोणतं मडकं आहे ते पाहिलं आणि चौकट धरून उभे राहिले. ‘‘त्याले काहून वाजवलं?’’

‘‘प्याच्या पान्याले ठेवून राहिली. आता दुसऱ्या कामाले नाई चालत.’’

‘‘बाबानं ठेवलं होतं ते.’’

‘‘कोनासाठी?’’

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मडक्याकडेही नाही, त्या ओल्या मातीच्या ढिगाकडे पाहत राहिले. तेव्हा मला कळलं, मामाजी, की यांनाही ठाऊक होतं. तुम्ही फळीवर दोन ठेवलीत त्याच दिवसापासून ठाऊक होतं. एका घरात तुम्ही दोघं सगळं जाणून होता, मी अर्धं जाणून होते, आणि आपण तिघंही माठ थापत बसलो. यांना पुन्हा ढास लागली. ओसरल्यावर पाठ फिरवून म्हणाले, ‘‘तो मोठा दवाखाना सकाळी किती वाजता उघडते?’’

मी मडक्यात पाणी भरलं. ते आत्ता माझ्याशेजारी पाझरतं आहे. उद्या आम्ही जाऊ. फोटो काढतील, रक्त काढतील, आणि त्याआधी डॉक्टर यांना शर्ट वर करायला सांगून पाठीवर एक हात ठेवतील आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं वाजवून पाहतील. इथे, मग खाली, मग दुसऱ्या बाजूला. मी तिथेच उभी राहणार आहे, कान देऊन. तुमच्याइतकं मला ऐकू येत नाही, मामाजी. पण तडा गेला असेल तर मला डॉक्टरांच्या आधी कळेल.